‘कशावरून?’ : तत्त्वज्ञान शिकल्यावर ‘माहीत असणं’ बदलतं का?

अर्धा_कप

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वय ४३. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. लेक दहावीला गेली तेव्हा तिच्यासोबत आपणही काहीतरी अभ्यासाला घ्यावं म्हणून दूरस्थ पद्धतीने एम. ए. तत्त्वज्ञानाला नाव घातलं. लेक आता बारावीत आहे आणि मी ज्ञानमीमांसेच्या (ज्ञान म्हणजे काय, ते कसं होतं, याच्या) पेपरात अडकलोय.

परवा सकाळची गोष्ट. आमच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी अडकवलेली असते, दूधवाला पुड्या त्यात टाकून जातो. मी जाळीच्या दारातून पाहिलं, पिशवी फुगलेली. आतूनच ओरडलो, ‘‘दूध आलंय!’’ बायकोने दार उघडलं तर पिशवीत समोरच्या काकूंनी ठेवलेला इडलीच्या पिठाचा डबा. आणि दूध? तेही आलं होतं. पिशवीत जागा नाही म्हणून दूधवाल्याने पुड्या चपलांच्या स्टँडवर ठेवलेल्या. मला आतून त्या दिसणं शक्यच नव्हतं.

मी तिथेच खिळलो. म्हटलं, अगं, दूध आलंय हे खरं होतं. मला तसं वाटतही होतं, आणि वाटायला कारण होतं. तरी ‘दूध आलंय हे मला माहीत होतं’ असं म्हणता येईल का? ती म्हणाली, ‘‘आलंय ना? मग तापवा.’’

विषय केलेल्यांनी ओळखलंच असेल. एडमंड गेटियर या तत्त्वज्ञाने १९६३ साली तीन पानी निबंधात हेच दाखवलं. ‘खरी आणि सकारण समजूत म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या वापरात होती. त्याच्या गोष्टीतल्या स्मिथला वाटतं की नोकरी जोन्सला मिळणार, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत. म्हणून स्मिथ म्हणतो, ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी असतील. नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात नेमकी दहाच नाणी निघतात, जी त्याने मोजलेली नसतात. वाक्य खरं, कारण सबळ, पण ज्ञान म्हणवत नाही.

दोन वर्षांपूर्वी ज्ञान म्हणजे माझ्या लेखी कोठीतलं धान्य होतं. कोणाकडे दोन पोती, कोणाकडे दहा. कारखान्यात मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असलं की माझा प्रश्न तिथे मिटायचा. आता डोक्यात सुरू होतं की हा मायक्रोमीटर ज्याच्याशी ताडला त्या मास्टरला कोणी ताडलं? त्याला दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाणारी साखळी आहे, हे मला पाठ आहे. पण तिथे तरी कशाशी? किलोग्रॅमचा पॅरिसजवळ ठेवलेला ठोकळासुद्धा मे २०१९ पासून प्रमाण राहिलेला नाही, आता व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून (भौतिकशास्त्रातल्या एका ठरवलेल्या आकड्यावरून). म्हणजे साखळी कुठेतरी ‘इथे थांबू’ असं ठरवून थांबते.

थोडक्यात, आधी मी ‘काय माहीत आहे?’ विचारायचो, आता ‘कशावरून?’ विचारतो. तर तुमच्यापैकी कोणी तत्त्वज्ञान शिकलं असेल (कॉलेजात, परीक्षेसाठी, हौसेने), तर तुमचा ‘ज्ञान’ या शब्दाचा अर्थ बदलला का? की नुसती बोलताना अडखळायची सवय लागते? घरच्यांचं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकतंय.

चहाटळ

मी पहिला!

दूध तापवलंत की नाही?

रोखठोक

मी सिव्हिलवाला, त्यामुळे स्पष्ट लिहितो, हलके घ्या. पूल उभा राहिला तर गणित बरोबर होतं, पडला तर चूक होतं. चालतं ते ज्ञान. बाकी सगळा रिकामपणचा उद्योग. नाणी मोजत बसायला स्मिथला काम नव्हतं म्हणूनच तो नोकरी शोधत होता.

चहाटळ

शेवटच्या वाक्याला +१००

सोनाराचा_नातू

रोखठोक, ‘चालतं ते ज्ञान’ एवढं सोपं नाही हो. आमच्या पेढीवरचं सांगतो.

आजोबा दागिना कसोटीवर घासायचे. काळा दगड, त्यावर दागिन्याचा कस, शेजारी माहितीतल्या कसाच्या सोन्याची रेघ, दोन्हींवर तेजाब. कोणती रेघ किती फिकी पडते ते बघायचं. आता आमच्याकडे कॅरेटचं मशीन आहे. दागिना ठेवला की अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर आकडा. पण ते मशीन फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा असलेली बांगडी त्यात ठेवा, ती ऐटीत ९१६च्या आसपास आकडा दाखवते. वडील अजूनही संशय आला की आतल्या बाजूला कानस मारून दगडावर घासतात.

गंमत अशी की त्याच मशीनमध्ये खरी बांगडी ठेवली तरी तोच आकडा येतो, आणि तेव्हा तो बरोबर असतो. मग खऱ्या बांगडीच्या वेळी मशीनला ‘माहीत’ होतं का? तुमच्या इडलीच्या पिठावरून हेच आठवलं. मी तत्त्वज्ञान वगैरे शिकलेलो नाही, बी. कॉम. आहे.

खटपटे

वा! सोनाराच्या नातवाने मूळ दुखण्यावर बोट ठेवलं.

(नावावरून ओळखलं असेलच, न्यायशास्त्राची, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राची, घटपटाची खटपट करणाऱ्यातला मी.)

अर्धा कप, तुमचा पहिला गोंधळ शब्दाचा आहे. इंग्रजीतल्या ‘नॉलेज’ला आपण ‘ज्ञान’ म्हणतो आणि फसतो. नैयायिकांच्या (न्यायशास्त्रवाल्यांच्या) भाषेत ज्ञान चुकीचंही असू शकतं. शिंपल्यावर ‘ही चांदी’ असं वाटलं तर तेही ज्ञानच, फक्त अयथार्थ. इंग्रजीत ‘फॉल्स नॉलेज’ म्हटलं तर मास्तर वही फेकून देतील. आपल्याकडे ‘भ्रमज्ञान’ हा रोजचा शब्द. तुम्ही ज्याच्या शोधात आहात ती ‘प्रमा’. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ उघडा, पंधरा-वीस पानांचं चोपडं आहे. यथार्थ अनुभव म्हणजे प्रमा. आणि तो अनुभव ज्या साधनाने होतो ते प्रमाण. नैयायिक अशी चार मानतात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (सारखेपणावरून ओळखणं) आणि शब्द (जाणत्याचं सांगणं). चार्वाक एकावर थांबतो, बौद्ध दोनांवर, सांख्य तीनांवर, भाट्ट मीमांसक (वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांतले कुमारिल भट्टाचे अनुयायी) सहांपर्यंत जातात.

तुमचं ‘कशावरून?’ म्हणजे प्रमाण विचारणं आहे. दूध दिसलं नव्हतं, पिशवी फुगलेली दिसली. म्हणजे अनुमान. ‘डोंगरावर अग्नी आहे, धुरावरून’ यातला तो ‘-वरून’.

आणि १९६३चं फार कौतुक नको. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाने जवळजवळ हेच उदाहरण दिलंय. मांस भाजायला कोणी नुकताच विस्तव पेटवलाय, धूर अजून नाही, पण वासावर माश्यांचा थवा जमलाय. लांबून बघणाऱ्याला तो थवा धूर वाटतो आणि तो म्हणतो, तिथे विस्तव आहे. विस्तव असतोच! बाराव्या शतकात श्रीहर्षाने तर याहून साधं विचारलं. कोणी मुठीत कवड्या धरून किती ते विचारलं, समोरच्याने अंदाजपंचे ‘पाच’ म्हटलं आणि पाचच निघाल्या, तर त्याला काय म्हणायचं? या श्रीहर्षाने नैयायिकांच्या व्याख्यांची अशी काही चिरफाड केली की आमच्या मंडळींना पुढे अधिक बारीक भाषा घडवावी लागली.

झिम्मा

खटपटे, फार छान समजावलंत. एक शंका. मीमांसक म्हणे कोणतंही ज्ञान खोटं ठरेपर्यंत खरंच मानतात, त्याला बाहेरून प्रमाणपत्र लागत नाही. मी कुठेतरी वाचलं होतं. तसं असेल तर माझे सासरे मीमांसक आहेत. रोज सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर येईल ते खरं.

खटपटे

झिम्माताई, ‘स्वतःप्रामाण्य’ म्हणतात त्याला, आणि बरोबर वाचलंत. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणा बाहेरून ठरतो. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, तर ते पाणी होतं. (रोखठोक, तुमचा पूल इथे बसतो. तुम्ही नकळत वात्स्यायनाच्या पंगतीत आहात.)

पण सासऱ्यांना मीमांसक म्हणू नका. मीमांसकांच्या मते माणसाच्या बोलण्यात बोलणाऱ्याचे दोष उतरतात, म्हणून तर त्यांना वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा माणसाने न रचलेले, लागले. फॉरवर्ड अपौरुषेय नसतो. त्याचा कर्ता फक्त सापडत नाही.

चहाटळ

=)) =)) हे मी आत्ता लगेच फॉरवर्ड करतोय.

रोखठोक

वात्स्यायन म्हणजे *तो* का?

खटपटे

नाही हो. हा न्यायभाष्यवाला. दर वेळी हा प्रश्न येतोच.

पोल्ट्रीवाला

नमस्कार. मी बी. ए. ला फिलॉसॉफी घेतलेली, कारण तास सकाळचे होते आन दुपारी शेडवर जाता यायचं. सरांनी रसेल या तत्त्वज्ञाची कोंबडी शिकवली. मालक रोज दाणे टाकतो, कोंबडीला वाटतं उद्याबी टाकणार, आन एक दिवस मालक मान पिरगाळतो. रोज झालं म्हणून उद्या होईलच असं कशावरून? प्रश्न ह्यूम नावाच्या जुन्या तत्त्वज्ञाचा, कोंबडी रसेलची.

वर्गात सगळे हसले. मला हसू आलं नाही, आमच्या शेडवर पाच हजार होत्या.

पुढं सांगतो. ब्रॉयलर चाळीस दिवसांच्या आसपास गाडीत भरतो. गाडी यायच्या आधी काही तास खाद्य बंद ठेवायचं असतं, पोट रिकामं पाहिजे म्हणून. म्हणजे कोंबडीला इशारा मिळतो बरं का! भांडं रिकामं आहे. पण तिनं हे आधी कधी बघितलेलंच नसतं, त्यामुळं तिला त्याचा अर्थ लावता येत नाही. तिच्याकडं पुरावा असतो, व्याप्ती (हे असलं की ते असतंच, ही जोड) नसते. मला ह्यूम पुस्तकात नाही कळला, भांडी उचलताना कळला. तेव्हापासून भाव पाच आठवडे चढा असला की मी जास्त पिल्लं टाकत नाही. भांडं कोण कधी उचलंल सांगता येत नाही.

सोनाराचा_नातू

पोल्ट्रीवाले भाऊ, हा प्रतिसाद चौकटीत लावण्यासारखा आहे.

यूपीएससी_पुन्हा

माझा ऑप्शनल फिलॉसॉफी. खरं सांगू? सिलॅबस छोटा म्हणून घेतला. पहिल्या पेपरात प्लेटोपासून क्वाइन-स्ट्रॉसनपर्यंत आणि चार्वाकापासून अरविंदांपर्यंत. मी गेटियर १५० शब्दांत बसवतो, १० मार्क, डायग्रामसकट. ज्ञानाची समज बदलली का? वेग बदलला. 😅 आधी एखादं मत खोडायला अर्धा तास लागायचा, आता कोणत्याही बाजूने तीन मुद्दे तयार. घाबरवणारी गोष्ट ही की दोन्ही बाजू तितक्याच सहज लिहिता येतात.

खडूफळा

तीस वर्षं हा विषय कॉलेजात शिकवून निवृत्त झाले. मूळ प्रश्नाचं उत्तर उत्तरपत्रिकांत सापडतं असं माझं मत आहे.

पहिल्या वर्षाची मुलं ‘ज्ञान म्हणजे काय’ला सुविचार लिहितात. ज्ञान म्हणजे प्रकाश, ज्ञान म्हणजे तिसरा डोळा. दुसऱ्या वर्षी सगळ्यावर संशय घेऊन बघणारा देकार्त येतो. १६४१ सालचं पुस्तक, पण एकोणीस वर्षांच्या पोरांना कालच छापल्यासारखं लागतं. मग महिनाभर ‘मी स्वप्नात नाही कशावरून?’ हे कँटीनपर्यंत जातं. हे मला आवडायचं. त्रास व्हायचा तो पुढच्या पायरीचा. संशयाची नशा उतरली की मुलं ‘ज्याचं त्याचं सत्य’वर येऊन बसतात, आणि बरीचशी तिथेच कायमची राहतात. त्याला ती मोकळं मन म्हणतात. मी फळ्यावर लिहायचे, ‘प्रत्येकाचं सत्य वेगळं असतं, हे वाक्य सगळ्यांसाठी सत्य आहे का?’ ‘माणूस हेच सगळ्याचं माप’ म्हणणाऱ्या प्रोटॅगोरसच्या मतावर प्लेटोने हाच आक्षेप घेतला होता. वर्ग दोन मिनिटं गप्प, मग मागच्या बाकावरून, ‘‘मॅडम, ते तुमचं सत्य.’’

जी थोडी पुढे जातात त्यांच्या उत्तरात एक बारीक बदल दिसतो. ‘अमुक अर्थाने’ हे दोन शब्द येतात. एवढाच. तीस वर्षांत ते दोन शब्द मनापासून लिहिणारी किती भेटली हे मोजलं नाही, पण चेहरे आठवतात.

यूपीएससी_पुन्हा, तुम्हाला भीती वाटली हे चांगलं लक्षण आहे.

वकिली_बाणा

बाईंच्या प्रतिसादाला पुस्ती. कोर्टात आम्ही हा प्रश्न मिटवून टाकलेला आहे (कृपया हलके घ्या).

१८७२च्या पुरावा कायद्यात कलम ३ मध्ये तीन अवस्था होत्या: शाबीत, नाशाबीत आणि शाबीत न झालेलं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात कलम बदललं, पण तीन अवस्था तशाच राहिल्या. अशिलाला ही तिसरी अवस्था समजावताना घाम फुटतो. ‘‘म्हणजे साहेब, तो निर्दोष की नाही?’’ अरे बाबा, शाबीत झालं नाही. नाशाबीतही झालं नाही.

आणि ‘शाबीत’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. खात्री पटली तर शाबीत, किंवा सुज्ञ माणसाने ती गोष्ट आहेच असं धरून वागावं इतकी ती संभवनीय वाटली तरी शाबीत. ‘धरून वागावं’! कायदा शंभर टक्के मागत नाही, वागण्यापुरतं मागतो. एल. एल. बी.च्या आधी मी तत्त्वज्ञानात बी. ए. केलं होतं. तेव्हा या वाक्यात खूप काही आहे हे दिसलं नसतं, कारण तेव्हा मला निश्चितता हवी होती.

अमळनेरकर

थोडं अवांतर. तत्त्वज्ञानाचा धागा आणि अमळनेरचं नाव नाही? आमच्या गावात प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीवाल्या माणसाने तत्त्वज्ञानाच्या संस्थेला पैसा लावला, खान्देशात, शंभर वर्षांपूर्वी. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे येऊन राहिले होते. साने गुरुजी आमच्याच गावच्या शाळेत शिक्षक होते.

रोखठोक

आणि तिथली भरीत-भाकरी?

अमळनेरकर

ते प्रत्यक्ष प्रमाण. डिसेंबरात या.

सुगरण_नव्हे

भाकरीवरून आठवलं. इंग्रजीत पोहणं ‘नो’, माणूस ‘नो’, मराठी भाषा ‘नो’ आणि दोन अधिक दोन चार हेही ‘नो’. आपल्याकडे बघा. माणूस ओळखीचा असतो, बातमी माहीत असते, गणित समजतं, दुःख कळतं, आणि पोहता *येतं*. मराठी *येते*. भाकरी *येते*. म्हणजे ती कुठून तरी आपल्याकडे चालत येते, आपण तिला धरून आणत नाही.

गिल्बर्ट राइल नावाच्या गृहस्थांनी १९४०च्या दशकात ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं ते येणं’ हे वेगळं आहे म्हणून सांगितलं. आमच्या आजीला हे व्याकरणातूनच माहीत होतं. मला भाकरीची कृती माहीत आहे. पीठ ताजं, पाणी गरम, चिमूट मीठ, कडेने थापत फिरवायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं. सगळं माहीत आहे. येत नाही.

झिम्मा

परातीतून तव्यापर्यंतच्या प्रवासात माझ्या भाकरीचं नेहमी महाराष्ट्र-कर्नाटक होतं.

निळी_शाई

खूप दिवसांनी लॉग इन केलं, या धाग्यासाठी.

खटपटे म्हणाले तसं भाट्ट मीमांसक सहा प्रमाणं मानतात. सहावं अनुपलब्धी. नसलेल्या वस्तूचं ज्ञान. ‘जमिनीवर घडा नाही.’ एम. ए. ला हा पाच मार्कांचा प्रश्न होता. कुमारिल म्हणतो वेगळं प्रमाण, नैयायिक म्हणतात वेगळं कशाला, अभावही प्रत्यक्षच दिसतो. मी दोन्ही बाजू पाठ केल्या होत्या आणि मनात म्हटलं होतं, घडा नाही तर नाही, एवढं काय.

परीक्षेनंतर दोन वर्षांनी बाबा गेले. दहावा-तेरावा झाला, पाहुणे गेले. त्यानंतर पहिल्या सकाळी मी जागी झाले आणि काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं. काही मिनिटांनी लक्षात आलं, खोकला नाही. बाबा पहाटे पाचला उठून मोरीत दोनदा खोकायचे. मी शांतता ऐकली आणि त्यावरून ‘खोकला नाही’ असं काढलं, असं झालं नाही. खोकल्याचं नसणंच ऐकू आलं.

त्या प्रमाणाला एक अट आहे. नुसतं न दिसणं पुरत नाही. ती वस्तू असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही असं होत नाही. ही अट मी परीक्षेत लिहायला विसरले होते. त्या सकाळी ती न शिकवता समजली. असते तर ऐकू आलाच असता.

खडूफळा

निळी शाई, अनुपलब्धी शिकवताना मी नेहमी घडाच सांगितला.

चहाटळ

मी आज गप्प.

वेशीबाहेरून

सगळं वाचलं. चांगलं चाललंय, पण एक काटा टोचतोय.

अर्धा कप म्हणतात ‘कशावरून?’ हा प्रश्न तत्त्वज्ञानाने दिला. मला तो प्रश्न फार आधीपासून माहीत होता, कारण तो आम्हालाच विचारला जायचा. माझी आजी सुईण होती. पोटावरून हात फिरवून बाळ कसं आहे ते सांगायची. एकदा एका पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेली, म्हणाली बाळ आडवं आहे. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘तुला गं कशावरून?’’ आणि परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी काय झालं ते इथे लिहीत नाही. ज्यांनी परत पाठवलं त्यांना त्या आधी किंवा नंतर कोणी ‘कशावरून?’ विचारल्याचं मला आठवत नाही.

एम. ए. करताना मिरांडा फ्रिकरचं २००७चं पुस्तक वाचलं. बोलणारी कोण आहे यावरून तिच्या शब्दाची किंमत आधीच कमी धरणं, याला तिने ज्ञानातला अन्याय म्हटलंय. त्याच्या बऱ्याच आधी, १९९८ साली, पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या जागेवरून जग कसं दिसतं हा ज्ञानाचाच प्रश्न आहे हे मांडलं होतं. आणि त्याच्याही आधी, १८८३ साली, ‘विद्येविना मती गेली’ कोणी लिहिलं ते सांगायला नको. विद्या कोणाकडून काढून घेतली हा त्या ओळीचा पाया आहे.

आजीकडे होतं त्याला ‘अनुभव’ म्हणायचे आणि डॉक्टरांकडे होतं त्याला ‘ज्ञान’. मला तत्त्वज्ञानाने हा फरक बघायला शिकवलं. वाईट याचं वाटतं की शिकवणाऱ्यांनी मला तो शिकवला नाही, मी ग्रंथालयात शोधून काढला.

खटपटे

तुमचं म्हणणं डोक्यावर घेतो. एक भर घालू का? शब्दप्रमाणात ‘आप्त’ म्हणजे नातेवाईक नव्हे, विषय स्वतः जाणणारा आणि जसंच्या तसं सांगणारा. वात्स्यायन स्पष्ट म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू. त्या व्याख्येने तुमच्या आजी पूर्ण आप्त होत्या.

वेशीबाहेरून

वाचून बरं वाटलं. पण व्याख्या भाष्यात होती आणि आजी पायरीखाली. मधल्या दीड हजार वर्षांत ते वाक्य घेऊन कोणी वेशीपर्यंत आलं का, एवढंच विचारते. तुमच्यावर राग नाही.

खटपटे

उत्तर नाही माझ्याकडे.

रोखठोक

पहिल्या प्रतिसादात रिकामपणचा उद्योग म्हणालो होतो. तो शब्द मागे. बाकी मत कायम, पूल पडता कामा नये.

खडूफळा

रोखठोक, मताला थोडा धक्का देऊ? सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात पृथ्वी मध्यभागी होती. तरी त्या गणिताने ग्रहणं वर्तवता यायची. चालत होतं. मग पृथ्वी मध्यभागी आहे हे ज्ञान होतं का?

रोखठोक

बाई, रात्री साडेअकराला? झोप घालवलीत.

चहाटळ

समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांनंतर पढतमूर्खाचा वेगळा समास का लिहिला ते आता कळलं. सगळे इथे जमणार होते. (स्वतःला धरून.)

अर्धा_कप

धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. कारखान्यात ऑडिट होतं म्हणून चार दिवस येता आलं नाही. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, एक गोष्ट मात्र लिहायलाच हवी.

वेशीबाहेरून यांचा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस बेचैन आहे. आमच्या लाइनवर एक ऑपरेटर आहे, आठवी शिकलेला, वीस वर्षं पंपांवर. मागच्या वर्षी एका लॉटच्या वेळी तो म्हणाला, ‘‘साहेब, आवाज बदललाय, बेअरिंग बघा.’’ मी तेव्हा नुकताच पहिल्या सत्राचा अभ्यास करत होतो, प्रमाणं वगैरे डोक्यात ताजी. मी मोठ्या ऐटीत विचारलं, ‘‘कशावरून?’’ त्याला सांगता आलं नाही. म्हणाला, ‘‘कानाला लागतंय.’’ रीडिंग सगळी मर्यादेत होती. लॉट सोडला. तीन महिन्यांत त्यातले निम्मे पंप परत आले.

त्याच महिन्यात एक सल्लागार येऊन प्रेझेंटेशन देऊन गेला होता. त्याच्या एकाही स्लाइडला मी ‘कशावरून?’ विचारलं नव्हतं. हे मला आत्ता, हा धागा वाचताना आठवलं.

वरच्या पहिल्या पोस्टमध्ये तो प्रश्न मी कमावल्यासारखा मिरवला होता. आज त्या ऑपरेटरला जाऊन विचारलं की आवाज कसा बदलला होता ते सांगशील का. त्याने पेचकस पंपाच्या अंगाला टेकवला, मूठ माझ्या कानाला लावली आणि म्हणाला, ‘‘ऐका.’’ मला नुसती घरघर ऐकू आली. दुसऱ्या पंपाला लावला. तीच घरघर. तो म्हणाला, ‘‘रोज दहा मिनिटं या, येईल.’’

उद्यापासून जातोय.

सुगरण_नव्हे

‘येईल’ म्हणाला ना! बघा!

वेशीबाहेरून

जा. आणि काय ऐकू आलं ते इथे लिहा.

वकिली_बाणा

साक्षीदाराला उशिरा का होईना, बोलावलंत.

पोल्ट्रीवाला

पेचकसाची युक्ती आमच्या शेडच्या मोटरवर करून बघतो.

झिम्मा

मला एक कळत नाही. पस्तीसेक प्रतिसाद झाले, सगळ्यांनी दुधाचं विचारलं. त्या इडलीच्या पिठाचं काय झालं?

अर्धा_कप

झिम्मा, या नादात ते दुपारपर्यंत ओट्यावरच राहिलं. जास्त आंबलं. डोसे केले.